तेल

किस्पेत चढवायला हल्ली अर्धा तास लागतो.
म्हशीचं कातडं, तेल पिऊन जडावलेलं,
गुडघ्याशी दोरी आवळताना बोटं सोलवटतात.

बालिकेसिरबाहेर, गवताच्या मैदानावर
ढोल सुरू झालेत.
इल्हामी समोर येऊन उभा. एकविशीचा.
मी बेचाळीस.

पितळी झारीतून ऑलिव्हचं तेल
छातीवर घेतो, दंडांवर, मांड्यांवर.
पाठ उरते.
स्वतःच्या पाठीला कुणाचाच हात पुरत नाही.

रिफ्की वस्ताद एवढंच शिकवून गेला:
डाव काय, कुणीही दाखवेल.
ज्याच्याकडून पाठ चोळून घेशील
त्यालाच पाडायचंय,
आणि त्याची चोळताना
बोटभर जागाही कोरडी ठेवायची नाही.

इल्हामीचा तळवा फिरत फिरत
डाव्या खांद्याच्या जुन्या दुखण्यावर थबकतो.
कळलं त्याला.
तिथं तो पुन्हा तेल ओततो,
हलक्या हातानं.

मग त्याची पाठ माझ्यापुढे.
मणक्यालगत एक पट्टी कोरडीच राहिलेली.
तेवढी राहू दिली तर
पकड बसेल.

ढोल चढत चाललेत.
इकडे कुणाचंच लक्ष नाही.

मी झारीवाल्या पोराला परत हाक मारतो.