कसर

कार्तिकी पुनवेआधीचे एकोणीस दिवस
मी हर्णैच्या पेठेत, उपाश्रयाच्या उंबऱ्याबाहेर बसून
भबूतमल शेठच्या लॅपटॉपवर
एक जुनी पोथी टाइप केली.
आत बसायला कुणी नको म्हटलं नव्हतं.
मीच बसले नाही,
हातांना लिंबू चोळलं होतं तरी.

निर्वेदविजय महाराज खिडकीपाशी.
लोच केलेल्या डोक्यावर आता वरी उगवावी तसे खुंट.
मधे शेठाणीबाई, नवकारवाळी फिरवत,
डोळे मिटून, कान उघडे.
वाचलेलं पान ते माझ्या हातात देत नसत.
पाटावर ठेवायचे, मागे सरायचे.
मग मी उचलायची.
दिवा लावत नसत.
सुवर्णदुर्गामागे सूर्य गेला
की अर्ध्या ओळीवर पोथी बांधायची.
उरलेली ओळ उद्या.

एकदा पानावर कसर आली.
रुपेरी, मोरीच्या पिल्लाएवढी गुळगुळीत, डोळ्याला दिसेल न दिसेल अशी.
महाराज थांबले.
ती एका काना-मात्रेपाशी घुटमळली,
समासात उतरली, परत वर.
बंदरावर लिलाव सुरू होऊन संपला.
मी म्हटलं, हीच खाते ना अक्षरं?
'हो.'
मग?
'तिलाही पोट आहे,'
आणि पुंजणीच्या लोकरीने तिला खिडकीच्या चौकटीवर सोडून
पुढची ओळ सांगितली.

ती ओळ पाण्यातल्या जिवांची होती.
मच्छ, कच्छभ, गाह, मगर, सुंसुमार.
मच्छ मला आपोआप कळला.
समासात कुणी तीनशे वर्षांपूर्वी
आपल्या भाषेत बारीक टीप लिहिली होती,
मच्छ म्हणजे काय काय त्याची.
त्यातल्या एका नावाला भोक पडलेलं.
पुढचं अक्षर गेलं, मागचा ळ तेवढा राहिला.

दुसऱ्या प्रती त्यांनी पाहिल्या होत्या.
त्यासाठी पाटणपर्यंत चालत गेले होते, अनवाणी,
चार हात पुढची जमीन बघत.
तिथे ही टीपच नाही.
'लिहिणारा समुद्राजवळचा असेल,' म्हणाले,
आणि पहिल्यांदाच मला विचारलं,
'तुम्हाला किती नावं येतात?'

मी सांगत गेले.
सुरमई, हलवा, रावस, शिंगाळा, ढोमा,
मांदेली, बोंबील, काळुंद्र, रेपटी, घोळ.
सांगताना हात आपसूक टोपली भरत होते,
भाव जिभेवर येत होता.
ते मान खाली घालून ऐकत होते,
एकेका नावाला थांबत,
शाळेत हजेरी घेताना
गैरहजर पोरासाठी थांबतात तसे.
मी घोळपाशी आले आणि माझाच आवाज उतरला.
शेठाणीबाईंची माळ थांबली होती.

घोळच असेल, मी म्हटलं. टाकू?
'नको. तीन टिंबं द्या.'
एवढं बसतंय तरी?
'बसतंय म्हणूनच.'

मला राग आला.
एवढ्याशा भोकासाठी एवढा माणूस,
ज्याच्याकडे स्वतःचा एक पैसा नाही,
दोन वेळचं धड नाही,
तो एक अक्षर उसनं घेत नाही.
मी टिंबं दिली. मुद्दाम चार.
दुसऱ्या दिवशी त्यांनी चौथं पुसायला लावलं.

पुनवेनंतरच्या पहाटे ते दापोलीच्या चढाला लागले.
खांद्याला पात्रं, पाठीला पोथ्या.
सुकतीच्या वाळूशी आले तेव्हा वळले नाहीत,
नाकाला कापडही लावलं नाही.
बोंबलांच्या वलांडीखालून
वाकून, सावकाश गेले.
मला म्हणाले, 'धर्मलाभ.'
आणि मग, 'काही दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं.'
मी काय म्हणायचं ते मला ठाऊक नव्हतं.
सांभाळून जावा, म्हटलं.

दोन वर्षांनी पोस्टाने पुस्तक आलं.
पान एकशे बारा, खाली, मुंगीएवढ्या टाइपात :
'येथे एक अक्षर कसरीने नष्ट. शेष ळ.
हर्णै बंदरातील कालिंदी चोगले यांच्या मते घोळ.
पुराव्याअभावी ग्राह्य धरलेले नाही.'

भावाने काल अठरा किलोचा घोळ आणला.
बोली लागली, चढली.
मी वही घेऊन उभी.
भाव लिहिला, वजन लिहिलं,
नावाच्या रकान्यात पेन टेकवलं
आणि ळ आधी लिहून बसले.