कड

खारकर आळीत पिठाच्या गिरणीला लागून
बाबांचं दुकान : पांचाळ, शस्त्रदुरुस्ती, परवानाधारक.
तेलाच्या आधी पिठाचा हात फिरायचा
आमच्याकडे आलेल्या प्रत्येक बंदुकीवर.
रजिस्टर माझ्याकडे. अक्षर बरं म्हणून.

त्या वर्षी मार्चमध्ये
खोर्शेदबाई मिस्त्री रिक्षातून उतरल्या,
चादरीत गुंडाळलेली लांबट वस्तू घेऊन.
नवऱ्याची लिव्हरची रायफल.
मुठीखालचं कडं पुढे ढकलायचं, मागे ओढायचं,
की एक बाहेर, एक आत.
‘हिची काडतुसं आता कुठे पन मिळत नाय.
पिस्तुलाची मिळते. ती चालव नी, पांचाळ.’

बाबांनी दोन पितळी नळकांडी टेबलावर उभी केली.
एकाला बुडाशी कड,
थाळीला असते तशी, बोटाला लागणारी.
दुसरं गुळगुळीत, सरळ,
कमरेत फक्त एक बारीक खाच.
‘ही रायफल कड ओळखते,’ बाबा म्हणाले.
‘कडेला नखी लावते आणि ओढते.
हे बिनकडेचं आत जाईल सुखानं.
बाहेर कोण काढणार?’

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या,
‘बघ तरी.’

मग अर्ज. तीन प्रती.
आयुक्त कार्यालयातल्या खिडकीवर
बदलाचे कारण, असा रकाना.
मी लिहिलं : जुने काडतूस मिळत नाही.
कारकुनानं विचारलं, मारायचं काय आहे त्यांना?
त्याला रकाना नव्हता.

उत्तर येईपर्यंत बाबा लेथवर
पोकळ, बिनदारूची, खोटी काडतुसं कातत बसले.
घाल, ओढ. अडकलं.
घाल, ओढ. अडकलं.
लाकडी काठीनं मागून ढोसून काढायचं,
चिमणीचं पिल्लू काढावं तसं, शिव्या न देता.
रात्री जेवताना आमटीच्या वाटीची कड
अंगठ्यानं चाचपायचे.
आई म्हणाली, वाटी धुतलेली आहे.

नखी त्यांनी किती वेळा घडवली
ते मी लिहून ठेवलं नाही.
मला ते काम वाटलंच नाही. खुळ वाटलं.

जूनमध्ये पत्र आलं. परवानगी नामंजूर.
खाली गोल शिक्का, अर्धा कागदाबाहेर.

बाई आल्या तेव्हा बाबांनी पत्र दिलं
आणि काही न बोलता रायफलही दिली.
बाईंनी कडं पुढे ढकललं, मागे ओढलं.
खट्.
बिनकडेचं पितळ उडालं,
कपाटावर आपटून त्यांच्या ओटीत पडलं.
नखीनं कमर धरली होती.
बाईंनी पुन्हा ओढलं. पुन्हा. पाच वेळा.
गिरणी तेवढ्यात बंद पडली होती,
त्यामुळे प्रत्येक खट् आळीभर ऐकू गेला असणार.
‘रुस्तम अस्साच आवाज करायचा,’ त्या म्हणाल्या,
‘पहाटे, मी झोपेत असताना.
गोळी घालायच्या आधी.’

जुनी नखी परत बसवून
रायफल पोलिसात जमा केली. एक खोटं काडतूस
बाई पर्समध्ये घेऊन गेल्या.
मजुरीचं विचारल्यावर बाबांनी
मान अशी हलवली की हो की नाही कळेना.
मी रजिस्टरात लिहिलं : पंचेचाळीस रुपये, येणे.
अजून येणेच आहेत.

दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

शेवटच्या आजारात सिव्हिलला
बाबा उताणे पडून म्हणायचे, कड बदल.
त्यांचं अंग इतकं गुळगुळीत झालं होतं
की कुठे धरायचं कळेना.
ज्या माणसानं मला कडेवर घेऊन
लेथ कसा फिरतो ते दाखवलं,
त्याला मी खांद्याला धरून पाहिलं, दंडाला,
हात सटकत होता.
मग कमरेशी, बरगडी संपते तिथे,
एक खोलगट जागा लागली.

‘हां,’ बाबा म्हणाले. ‘तिथेच.’
आणि कुशीवर वळून
भिंतीकडे बघत विचारलं,
त्या बाईचे पैसे आले का.