हजेरीची वही

वही माझ्याकडे असते.
दोनशे पानी, वर कव्हर म्हणून
उद्यमबागेतल्या कुठल्याशा फाउंड्रीचं कॅलेंडर.
रविवारी साडेसहाला
वडगावच्या आमच्या कोपऱ्यातल्या बागेत
जो येईल त्यानं नाव लिहायचं, पुढं काम.
एवढाच नियम.
तोही कुणी नीट पाळत नाही.

रोजलीनबाई काम लिहितात, नाव विसरतात.
मुजावर नुसती बरोबरची खूण करतो
आणि खताच्या हातानं पान उलटतो.
सातेरीच्या सुनेनं एकदा लिहिलं,
'आज नुसतीच बसले.'
मी खोडलं नाही.
बाकाला माणूस लागतंच की.

बसवणेप्पा कानडीत लिहायचा,
गोल गोल, वाटाणे सांडल्यागत.
मला कानडी बोलता येतं,
भांडता येतं, मेथीची जुडी दोन रुपये कमी करून घेता येते,
वाचता येत नाही.
बसची पाटी अजून शेजारच्याला विचारते.

त्याच्या घरी दोन माग.
आमच्या गल्लीला झोप लागायची
ती त्यांच्या खटखटीवर.
उरलंसुरलं सूत तो खिशातून आणायचा,
राणी रंगाचं, कधी पोपटी,
आणि वाकलेलं रोप दिसलं की काठीशी बांधायचा.
विणकराची गाठ, सुटायची नाही.
आमची जास्वंद लग्नाला निघाल्यागत दिसायची.

कुंपणाजवळच्या झाडावरून
आमचं तीन वर्षं भांडण.
"बकुळ आहे ती."
"अल्ल री, रंजल."
"बकुळ वो!"
"माझ्या आईनं डोक्यात माळलेलं फूल
मला म्हाईत नाही काय?"
मुजावर पाटी उपडी करत म्हणाला,
"फुलू तर दे. आत्ता ती नुसती काठी हाय."

मग एका सकाळी खाली चार फुलं पडली,
तांदळाच्या चुऱ्याएवढी.
दोघांनी वास घेतला,
आणि दोघंही एकदमच म्हणालो,
"बघ, म्हटलं नव्हतं?"

दिवाळीनंतर त्यानं माग विकले,
किलोच्या भावानं.
टेंपोत चढवताना एक धोटा रस्त्यावर पडला,
तो पोरांनी होडी म्हणून नेला.
त्या रात्री गल्ली जागीच.
कुणी कारण बोललं नाही,
नुसते दिवे लागत राहिले, विझत राहिले.

हुबळीला लेकीकडं जायच्या आधीच्या रविवारी
त्यानं अर्धं पान लिहिलं.
एवढं कधी लिहीत नव्हता.
वही मिटली, नळाची चावी वर ठेवली,
"बरतीनी" म्हणाला, म्हणजे येतो,
आणि गेला.

आठ दिवस ते पान मी कुणाला दाखवलं नाही.
वाटलं, निरोप असेल.
बागेविषयी काही.
कदाचित भांडणाविषयी, माझ्याविषयी.
शेवटी रोजलीनबाईंच्या नातवाला बसवलं,
त्याला शाळेत कानडी आहे.
बोट ठेवत ठेवत त्यानं वाचलं:

मागच्या नळाचा वायसर गेलाय. अर्ध्या इंची आणा.
मुजावरचं तीस रुपये देणं, शेणखताचं. कप्प्यात ठेवलंय.
लिंबाला दुपारचं पाणी घालू नका.
रंजलला सूत घट्ट झालंय. सैल करा.

कव्हरच्या कप्प्यात चाचपलं.
तीस रुपये होते.

"रंजल म्हणजे काय वो आजी?"
"ते कुंपणाजवळचं झाड."

सूत सालीत रुतलं होतं.
राणी रंग जाऊन पांढरं पडलेलं,
पण गाठ तशीच.
नखांनी झालं नाही. कात्री लावावीशी वाटेना.
गुडघे टेकले,
तोंड खोडाशी नेलं आणि दातांनी सोडवली.
खोडाला एक खाच राहिली, अंगठी काढल्यावर बोटाला राहते तशी.

मग वही उघडली.
नाव लिहिलं. पुढं काम:
रंजल सैल केली.
वायसर राहिला.