कांडी

मल्लेशम बोद्धूल पुण्याला गेला,
पोराच्या अकराव्या मजल्यावर. तिथं कुत्रं चालत नाही.
त्याचे चार माग किलोच्या भावानं भंगारात गेले
आणि कुत्री माझ्या दारात आली.
नाव कांडी. एक कान दुमडलेला,
सोबत जर्मनची ताटली,
डाग पडला म्हणून न खपलेली अर्धी चादर,
आणि मल्लेशमचं एकच वाक्य :
'वैनी, ही काय मागत नाही बघा.'

खोटं होतं ते.
तिला झोप पाहिजे होती.

रात्रभर उंबऱ्यावर बसायची, डोळे टक्क उघडे.
लाईट जाऊन पंखा थांबला की ताडकन उठायची.
ये गं इकडं, मी म्हणायचे. बघायची नुसती.
मग एकदा समोरच्या नरसम्मानं,
मांडीवर विडीचं सूप, हातातली कात्री न थांबवता,
हाक मारली : 'इक्कड रा.'
आणि ही गेली की, शेपूट गोल फिरवत!

म्हणजे माझी कुत्री तेलुगू,
आणि मी साखर पेठेत चाळीस वर्षं काढून कोरडी.
इकडं, इक्कड. असं कितीसं अंतर,
पण आठ दिवस जीभ अडखळली.
'पडुको' शिकले. ती पडायची माझ्या शब्दाखातर.
डोळे उघडेच.

पहाटे होम मैदानावर आमची मंडळी जमते.
कुणाला कुणाचं नाव ठाऊक नाही.
टायगरचे पप्पा (टायगर म्हणजे मूठभर पॉमेरियन),
सुलतानवाली आपा, पिशवीत कोंबडीचे पाय घेऊन येणारी,
राणीचे मामा, कन्नडमध्ये रागावणारे
आणि मराठीत लाड करणारे.
मी कांडीची आई.
मला त्याआधी कुणी आई म्हटलं नव्हतं.
ते असो.

झोपेवर सगळ्यांकडं औषध :
दृष्ट काढा. हळद घाला. भाकरी कमी करा.
जनावरांच्या दवाखान्यातला हंचाटे कंपाउंडर
जंताची गोळी देत म्हणाला,
'म्हातारी झाली ओ, आमची आईपण असंच करते.'

मे तापला. चव्वेचाळीस.
नळ पाचव्या दिवशी, तोही रात्री अडीचला.
दारात सिमेंटची कुंडी ठेवली, भटक्यांसाठीही,
तर शेजारची क्षीरसागरीण कडाडली :
'माणसाला घोटभर नाही, अन् कुत्र्यांची पाणपोई?'
मी काहीच बोलले नाही. माझ्याकडं उत्तर नव्हतं.
चौथ्या दिवशी आमचा हंडा कोरडा पडला
आणि सकाळी कुंडी काठोकाठ.
विचारलं, तर क्षीरसागरीण
तोंड फिरवून शेंगा निवडत बसली.

मग शाळेच्या गणवेशाची ऑर्डर आली,
सहाशे खाकी हाफ पँट, जून तोंडावर.
नरसम्माची सून तिचं मशीन घेऊन आली,
दोघी रात्रीच्या शिवायला बसलो,
दोन मोटारी, पत्र्याखाली नुसती घरघर.
एक वाजता दोरा संपला म्हणून वाकले,
तर टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगात,
चारी पाय ताणून
कांडी घोरत होती.

मशिनी थांबल्या. दुमडलेला कान उठला.
मी पायटा दाबला. कान पडला.
पुन्हा थांबवली. पुन्हा उठला.
सून हसत सुटली, मला मात्र हसू येईना.

मल्लेशमला फोन लावला तसाच, रात्री सव्वा एकला.
पहिल्याच रिंगला उचलला.
काय सांगायचं ते सुचेना,
फोन मशिनीजवळ धरला फक्त
आणि एक अख्खी पँट शिवून काढली.

कानाला लावला तेव्हा पलीकडं श्वास होता.
बाकी त्या अकराव्या मजल्यावर
काहीच वाजत नव्हतं.

'वैनी,' तो म्हणाला,
'जरा वेळ बंद करू नका.'