कोर्ट उठेपर्यंत

दोन हजार रुपये दंड,
आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहायचं.
मी मागच्या बाकावर बसलो.
शेजारी मालगावचे दोघं भाऊ, बांधावरून डोकी फोडलेले,
एकाच डब्यातली भाकरी खात होते.
मलाही दिली चतकोर, वर ठेचा.
साडेपाचला खुर्ची सरकली, सगळे उभे राहिले,
शिपायानं पंखा बंद केला आणि म्हणाला,
जा आता. संपलं.

त्याला तसं वाटलं. मलाही.

त्या रात्रीचं सांगण्यासारखं फार काही नाही.
कुपवाडच्या कारखान्यातला पगाराचा दिवस,
दिगूच्या पोरीचं बारसं, मग ढाबा,
मग विजयनगरला नाकाबंदी.
हवालदारानं नळी तोंडापुढं धरली. फुंक.
मी हसत फुंकलं.
आकडा बघून तो हसला नाही.

आता मीच नळी धरतो लोकांच्या तोंडापुढं.
मिरजेत, दुसऱ्या मजल्यावर, शिकाऊ ब्रदर.
बेड चौदाला अथणीचा अज्जा, पोट उघडून शिवलेला,
मराठी येत नाही.
तीन चेंडूंचं यंत्र त्याच्या हातात देतो,
उसिरु, अज्जा, उसिरु,
फुंकायचं नाही, आत ओढायचं.
निळा चेंडू जागच्या जागी थरथरतो.
अज्जा माझ्याकडं बघतो,
चूक त्याची असल्यासारखा.

दिवसभर बोटांना स्पिरिटचा वास.
घरी गेलो की आई पाणी द्यायच्या निमित्तानं
जरा जास्तच जवळ येते.
सात वर्षं झाली.

नोंदणीचा फॉर्म, रकाना अकरा:
अर्जदारास कोणत्याही न्यायालयाने
दोषी ठरविले आहे काय?
होय. नाही. दोन चौकोन, तांदळाएवढे.
झेरॉक्सवाला बाबासो म्हणाला,
नाहीवर खूण करा की, कोण बघाय बसलंय.
आवळे सिस्टर म्हणाल्या, खुलासा जोड.
मंजूर होईल का, असं मी विचारलं नाही
आणि त्यांनीही सांगितलं नाही.

खुलासा लिहायला बसलो.
कुणालाही इजा झाली नाही, असं लिहिलं.
खोडलं.
त्या काळात वडील वारले होते, असं लिहिलं
आणि पेन थांबलं.
वडील त्यानंतर दीड वर्षानं गेले.
लायसन्स परत मिळाल्यावर
त्यांनीच गाडीला किक मारून दिली होती.

मंगळवारी रात्री अंकलीच्या पुलाजवळून एक पोरगा आणला.
शर्ट कापताना खाली वाकलो तर
त्याच्या श्वासाला तो वास.
मी केसपेपरवर लिहिलं: तोंडाला दारूचा वास. १.४०. सही.
पोरगा म्हणाला, ब्रदर, ते लिहू नका ना.
मी त्याची नाडी मोजत होतो,
मोजणी चुकली,
पुन्हा एकपासून सुरू केली.
आकडा मात्र घाईत चुकीचा टाकला.

चार्टवर चुकलं तर व्हाइटनर लावायचा नाही,
हे पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात.
एकच आडवी रेघ.
खालचं वाचता आलं पाहिजे.
शेजारी बरोबर आकडा, वेळ, आपली सही.
मी रेघ मारली. ९६ वर. १०८ लिहिलं.
बराच वेळ त्या रेघेकडं बघत राहिलो,
मग सलाईन संपत आली म्हणून उठलो.

आज दुपारी पोस्टात गेलो.
फॉर्म, गुणपत्रिका, पोलिसांचा दाखला,
कोर्टाच्या पावतीची झेरॉक्स,
आणि खुलासा, साडेचार ओळींचा.
खिडकीतल्या बाईंनी पाकीट काट्यावर ठेवलं,
आत काय आहे?
कागद.
नुसते कागद?
हो.
त्यांनी शिक्का मारला.
पावती हातात घेऊनही मी
बाकावर बसूनच होतो,
शिपाई शटर ओढायला आला तोवर.