एका टिंबाचं काम

मिनाज शिकलगार, तुझं पहिलं पत्र तक्रारीचं होतं:
"हिशेबाचा प्रोग्राम फुकट दिलाय ते ठीक,
पण माझ्या अब्बाला तो प्रोफेसर करतोय."
सोबत बिलाचा फोटो. फुलेवाडीचं कार्यालय,
दोनशे पानं, तांबडा-पांढरा वेगळा,
आणि शेवटच्या ओळीत
'आचार्याला द्यायचे साडेचार हजार'.

मी उद्यमनगरात, लेथवर,
कुलंटनं हात दुधासारखे झालेले.
हसलो. पुसून घेतले हात आणि लिहिलं:
सोर्स उघडा आहे. तूच बघ की.

"मला कुठं येतंय," म्हणालीस.
मग स्वतःच, "बरं, बघतो."

आठ दिवसांनी आलं ते गाठोडं होतं.
चाळीस फायली.
बटणांचे रंग बदललेले,
मी ठेवलेली नावं बदललेली,
त्या ढिगात कुठंतरी आचारी.
मी एका शब्दात परत केलं:
नको.

तू गप्प झालीस.
अकरा दिवस.

बाराव्या दिवशी बंडू मिस्त्री आठवला.
माझा पहिला बुश त्यानं हातात घेतला,
बघितला, भंगारात टाकला.
किती सुतानं चुकलं ते सांगितलं नाही.
मी दोन महिने नुसती बर झाडत होतो,
आणि घरी सांगत होतो, शिकतोय.

म्हणून दुसऱ्यांदा लिहिलं. लांब.
रंग राहू दे. नावंही राहू दे,
वाईट आहेत, मला माहीत आहे.
फक्त आचारी आण.
आधी कुठं तुटतंय ते दाखव,
मग का, मग तू काय केलंस.
अडलीस तर विचार,
आणि विचारताना माफी मागत बसू नको,
त्यानं दोघांचाही वेळ जातो.
येत नाही म्हणून थांबलेली माणसं
मी लई बघितलीत, बाई.
ज्यांना येतं, त्यांच्यापेक्षा ती जास्त आहेत.
आणि तुझ्या अब्बाचं बिल
त्या येणाऱ्यांपैकी एकालाही दिसलं नव्हतं.

मग तू पाठवलीस एक ओळ.
म्हणजे एक ओळ काढून टाकलेली.
शोधायला सोपं जावं म्हणून
अक्षराखालची सगळी टिंबं पुसणारी.
ते टिंब कागदावर दिसत नाही,
आत कुठंतरी असतं,
आणि नसलं की आचाऱ्याचा आचार्य होतो.
त्या ओळीपुढं नाव माझंच,
तीन वर्षांपूर्वीचं, रात्री दीडचं.
तू त्यावर एक अक्षर बोलली नाहीस.
खाली फक्त पाच शब्द ठेवलेस राखणीला:
आचाऱ्याला, दुसऱ्याचं, कोपऱ्यात, वाऱ्यावर, सुऱ्या.
उद्या परत कुणी टिंब पुसलं
तर हे पाच ओरडतील.

एवढं मी तुला शिकवलं नव्हतं.

'घेतलं' असं लिहिलं मी.
रात्री साडेअकराला तुझा फोन,
मागं भांड्यांचा आवाज, कुणीतरी लसूण सोलतंय,
"घेतलं म्हणजे खरंच घेतलं?"
खरंच. चौथ्या दिवशी
भंडाऱ्याच्या एका पतसंस्थेला
छापील पावतीवर आपलं गाव परत मिळालं.
त्यांनी कुणाला विचारलं नाही कुणी केलं.
ते तसंच असतंय.

परवा गडहिंग्लजचा एक पोरगा आला,
तेच वाक्य घेऊन, मला कुठं येतंय.
मी हात पुसेपर्यंत तुझं उत्तर गेलेलं:
"मलाबी येत नव्हतं. ये, मी दाखवतो."

त्यावर कुणीतरी शुद्ध माणसानं सुचवलंय,
मुलगी असाल तर 'दाखवते' करा.
मी खाली लिहून ठेवलंय:
ही चूक नाही. हिला हात लावायचा नाही.
कोल्हापुरात असंच चालतं.

आणि हो, किटली मिळाली.
झाकणावर अब्बांनी मार्करनं लिहिलंय,
'लेथवाल्याला. पांढऱ्यातला.'