आमेले

अथणीत, बंद पडलेल्या सोडा फॅक्टरीच्या आवारात
छोटा हत्ती उभा होता.
काचेला तडा, तड्यावर बसवण्णाचा स्टिकर,
हौद्यात दुधाच्या कॅनांचे गंजके गोल ठसे.
मी मोजले, एकवीस.
रावसाबनं सीट उचलून इंजिनाला कान लावला
आणि मला बोटानंच खुणावलं, घे.

विकणारा म्हणाला, एक लाख पाच.
मी म्हणाले, बुक?
तो म्हणाला, आमेले.

आमेले म्हणजे मागनं.
एवढं कानडी आमच्या मालगावात सगळ्यांना येतं,
उधारी मागायला
आणि उधारी टाळायला.

पंच्याऐंशीला तुटलं.
नोटा मी दोनदा मोजल्या, त्यानं एकदाही नाही.
तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

कागवाडचा नाका चुकवून आरगेच्या अंगानं आणली,
उसाच्या फडांमधनं, दिवे न लावता.
कर्नाटक कुठं संपलं ते खड्ड्यांनाही ठाऊक नव्हतं.
रावसाब शीळ घालत होता.
माझ्या मांडीवर प्लास्टिकची रिकामी पिशवी,
बुक ठेवायला घरनं घेतलेली.

हौद्यात कांडप मशीन बसवलं.
मार्च ते मे दारोदार, बेडग, सलगरे, एरंडोली.
कुणाची ब्याडगी, कुणाची लवंगी,
ज्याच्या त्याच्या घरची चटणी.
दुधाचा आंबूस वास पहिल्या आठवड्यातच गेला.

म्हैसाळ फाट्यावर एकदा हवालदारानं धरलं.
पासिंग तिकडचं, बुक दाखवा.
मी म्हणाले, मागं हाय.
त्यानं मागची ताडपत्री उचलली.
सात शिंका.
आठवीला हातानंच म्हणाला, जा.

पण दर वेळी कोण शिंकणार?

एजंट म्हणाला, चासीवर कागद धरून
शिसपेन्सिल घासून आणा.
भर दुपारी गाडीखाली उताणी झोपले,
पदर ऑइलात.
काळ्यातनं पांढरे आकडे उठत गेले,
एका पाचाचं पोट बुजलेलं.
कागद लेकीच्या वहीचा,
पाठीवर तिचा अठराचा पाढा, निम्मा.

चार दिवसांनी एजंटानं नाव काढलं :
निंगाप्पा सत्याप्पा हुक्केरी, ऐनापूर.
आणि खाली आवाज करून, मयत.

ऐनापूरला शांतव्वा म्हशीला पेंड घालत होती.
हात धुतले, पत्र्याची पेटी उघडली,
निळं बुक काढलं.
काढलं, दिलं नाही.

म्हणाली, गाडी पुतण्यानं विकली,
चाळीस आणून दिले मला.
(पंच्याऐंशी माझ्या ओठापर्यंत आले, गिळले.)
बरं झालं, दारात उभी बघवत नव्हती.
पण हे नको मागू, अक्का.
रेशन कार्डावर त्यांना निंगव्वा करून ठेवलंय, बाई.
मतदार यादीत नाव त्यांचं, फोटो दुसऱ्या कुणाचा.
दाखल्यावर बरोबर हाय,
पण तो दाखला मेल्याचा.
जितेपणी छापलेलं, काना-मात्रा नीट असलेलं
एवढं एकच.

माझ्या पिशवीत दोन फॉर्म होते, शाईचा पॅड होता.
पॅड नवा होता, झाकण घट्ट.

चहा झाला.
तिनं विचारलं, दुधाचा वास येतो का अजून?
म्हणाले, आता मिरचीचा.
ती तोंडाला पदर लावून हसली,
मग नुसताच पदर लावून बसली.
त्यांना शिंका फार यायच्या, म्हणाली.

अर्धा किलो चटणी तिच्या उंबऱ्यात ठेवली.
तिनं डबा रिकामा दिला नाही, शेंगा भरून दिला.

येताना आरगेच्या अंगानं नाही वळले.
कागवाडच्या नाक्यावरनं सरळ आले, दिवे लावून.
कुणी अडवलं नाही.
अडवलं असतं तर बुक नव्हतंच,
पण गाडी कुणाची विचारलं असतं तर
नाव सांगता आलं असतं,
बापाच्या नावासकट.